इस्रायल आणि शेजारचे अरब : हे वैर संपत का नाही? (पुतण्या तिकडे कामाला चाललाय)

माणदेशी

नमस्कार मंडळी. आमचं गाव आटपाडीकडचं. माझा पुतण्या फरशी-टाइल्सचं काम करतो, हात चांगला आहे. इस्रायलसाठी बांधकाम कामगारांची भरती निघाली होती, त्यात त्यानं पुण्याला परीक्षा दिली आणि पास झाला. कागदपत्रं तयार आहेत, बोलावणं कधीही येईल. वहिनीचा जीव थाऱ्यावर नाही. टीव्ही लावला की रॉकेटं आणि पडलेल्या इमारती. थोरला भाऊ म्हणतो, पगार बघा, घरावरचं कर्ज तरी फिटेल.

जावं की न जावं हे मी विचारत नाही, ते त्यांनी ठरवलंय. मला हे भांडण समजून घ्यायचंय. गावात पारावर सगळे सांगतात की ज्यू आणि मुसलमानांचं हजारो वर्षांचं हाडवैर आहे, ते काय मिटायचं नाही. पण मग बगदादला, कैरोला, येमेनला ज्यू पिढ्यानपिढ्या कसे राहत होते? इजिप्त आणि जॉर्डनशी तह होऊन इतकी वर्षं झाली, तरी तिथल्या माणसांच्या मनात राग का? आणि एजंट म्हणतो, 'तिथले कामगार निघून गेले म्हणून जागा आहेत.' कोण निघून गेले? का?

कुणी एका बाजूचा झेंडा न घेता सांगेल का? मोठं लिहिलंत तरी वाचेन.

सोमवारपेठी

दादा, मूळ जेरुसलेम आहे. ज्यूंचं मंदिर इसवी सन 70 मध्ये रोमनांनी पाडलं. त्याच टेकडीवर आज अल-अक्सा मशीद आणि घुमटाची वास्तू आहे. एकाच जागेवर दोघांचा जीव. जिथे देव आला तिथे तडजोड होत नाही. बाकी इतिहास कितीही उगाळा, शेवटी गाडी तिथेच येणार.

कोकणातून_लोदला

माणदेशी दादा, मी इस्रायलमधल्या लोदहून लिहितेय. तुमचा पुतण्या ज्या विमानतळावर उतरेल तिथून आमचं गाव अगदी जवळ. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मूळचे पेणकडचे. वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपात होते. मी शाळेत असताना आम्ही सगळे इथे आलो, आणि नर्स म्हणून माझी सगळी नोकरी इथल्याच रुग्णालयांत झाली. ज्यूंना आणि अरबांना मी एकाच वॉर्डात पाहिलंय. म्हणून पुस्तकातलं कमी आणि गावातलं जास्त सांगते.

सोमवारपेठी, जेरुसलेमचं महत्त्व मी नाकारत नाही. पण हे वैर हजारो वर्षांचं नाही. ते शंभर-सव्वाशे वर्षांचं आहे, आणि ते घरावरून आणि जमिनीवरून लागलं. धर्म त्यात होताच, पण तो पेटवायला नंतर वापरला गेला. अरब देशांत ज्यूंना बरोबरीचा दर्जा नव्हता, मधूनमधून दंगेही झाले, तरी युरोपात त्यांच्यावर जे गुदरलं त्यामानाने ते तिथे टिकून होते. आपल्या कोकणातली गोष्ट तर वेगळीच. तिथे आम्हाला कुणी ज्यू म्हणून बोटसुद्धा लावलं नाही.

पहिल्या महायुद्धात हा मुलूख, म्हणजे पॅलेस्टाइन, तुर्कांचा होता. इंग्रजांनी 1915-16 मध्ये मक्केच्या शरीफ हुसेनला पत्रं लिहिली की तुर्कांविरुद्ध उठा, अरबांना राज्य देऊ. 1916 मध्ये फ्रान्सशी गुपचूप करार करून तोच मुलूख आपापसात वाटून घेतला. आणि 1917 मध्ये इंग्रजांचे परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी ज्यूंना लेखी दिलं की पॅलेस्टाइनमध्ये तुमच्यासाठी राष्ट्रीय घर उभं राहायला आमचा पाठिंबा आहे. त्या पत्रात तिथल्या अरबांचा उल्लेख कसा होता माहीत आहे? 'ज्यू नसलेले इतर समाज' असा. तेव्हा दहातले नऊ तेच होते!

युद्धानंतर पॅलेस्टाइन इंग्रजांच्या ताब्यात आलं. 1922 च्या शिरगणतीत तिथे शंभरात अकरा ज्यू होते. 1947 पर्यंत ते एक तृतीयांश झाले. मधल्या काळात जर्मनीत हिटलर आला, आणि अमेरिकेसकट सगळ्या मोठ्या देशांनी दारं लावून घेतली. ज्यू माणूस म्हणायचा, मी जाऊ कुठे? अरब शेतकरी म्हणायचा, युरोपनं केलेल्या पापाची भरपाई माझ्या शेतातून का? मला या दोन्ही प्रश्नांत आजही खोट काढता येत नाही. जमिनी बऱ्याचदा बैरूत-दमास्कसला राहणाऱ्या मोठ्या मालकांनी विकल्या आणि कसणारी कुळं रस्त्यावर आली. कुळ आणि खोत यांचं नातं काय असतं हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. 1929 मध्ये हेब्रोनला 67 ज्यूंना ठार मारलं, त्यात तिथे पिढ्यानपिढ्या राहणारे होते. त्याच दिवशी काही अरब कुटुंबांनी शेजारच्या ज्यूंना घरात लपवून वाचवलं, हेही तितकंच खरं. 1936 पासून अरबांचा मोठा उठाव झाला, तो इंग्रजांनी निर्दयपणे चिरडला. दोघांच्याही मनात बसलं की आता एकत्र राहणं नाही.

29 नोव्हेंबर 1947 ला संयुक्त राष्ट्रांनी फाळणीचा ठराव केला. 33 मतं बाजूनं, 13 विरुद्ध. भारताचं मत विरुद्ध होतं. ज्यू पुढाऱ्यांनी ठराव मान्य केला, अरबांनी नाकारला, आणि दुसऱ्या दिवसापासून मारामारी सुरू झाली. मे 1948 मध्ये इस्रायलची घोषणा झाली आणि शेजारच्या अरब देशांची सैन्यं आत आली. इथवर सगळे सांगतात. पुढचं मी लोदपुरतं सांगते, कारण हे सगळं भांडण या एका गावात दिसतं.

जुलै 1948 पर्यंत लोद अरबांचं गाव होतं. आजूबाजूच्या खेड्यांतून आणि याफातून पळून आलेलेही इथे भरले होते. इस्रायली सैन्यानं गाव घेतलं. दहमश मशिदीत आणि रस्त्यांवर बरीच माणसं मारली गेली. मग लोद आणि शेजारचं रामला, दोन्ही गावं रिकामी करायचा हुकूम निघाला. पन्नास ते सत्तर हजार माणसं ऐन उन्हाळ्यात रामल्लाच्या दिशेला पायी निघाली. लहान मुलं आणि म्हातारी माणसं तहानेनं वाटेत गेली. त्या हुकुमावर सही होती यित्झाक रबिन या लष्करी अधिकाऱ्याची. हेच रबिन पुढे पंतप्रधान झाले आणि 1993 मध्ये पॅलेस्टिनींचे नेते अराफात यांच्याशी हात मिळवायला उभे राहिले.

लोदमध्ये हजाराच्या आसपास अरब उरले. माझ्याबरोबर लॅबमध्ये एक अरब सहकारी होता, त्याचे आजोबा त्यांपैकी. ते रेल्वेत होते आणि गाड्या चालू ठेवायला जाणती माणसं हवी होती म्हणून त्या कुटुंबांना ठेवून घेतलं. माझे वडील रेल्वेतले, म्हणून ही गोष्ट मनात रुतून बसली. त्या आजोबांचं स्वतःचं घर जुन्या वस्तीत होतं. उरलेल्या अरबांना तारेचं कुंपण घातलेल्या एका भागात आणून ठेवलं. 1950 च्या कायद्यानं, जे आपल्या घरात हजर नव्हते त्यांची मालमत्ता सरकारी कस्टोडियनकडे गेली. आजोबा त्याच गावात, पाच मिनिटांच्या अंतरावर, पण कायद्याच्या दृष्टीनं गैरहजर. त्यांच्या घरात बाहेरून आलेलं एक ज्यू कुटुंब राहायला आलं. आजोबा मरेपर्यंत त्या गल्लीतून जात नसत, लांबून वळसा घालून जात.

आता दुसरी बाजू. ती बाहेरून आलेली माणसं चोर नव्हती. आमच्या जिन्यात समोरच्या घरात बगदादची एक म्हातारी राहायची, मला मुलीसारखी वागवायची. 1941 च्या जूनमध्ये बगदादला दोन दिवस ज्यूंची कत्तल झाली, तेव्हा ती लहान होती. गच्चीवरून गच्चीवर उड्या मारत त्यांनी जीव वाचवला. 1950-51 मध्ये इराकनं सांगितलं, जायचं तर नागरिकत्व सोडा. सव्वा लाखाच्या आसपास माणसांनी ते सोडलं, आणि मग मार्च 1951 मध्ये सरकारनं त्यांची मालमत्ता गोठवली. तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. इथे आले ते एका बॅगेनिशी, आणि कित्येक महिने चिखलात तंबूत काढले. इराक, येमेन, मोरोक्को, इजिप्त, लिबिया, सगळे मिळून आठ लाखांच्या आसपास ज्यू अरब मुलखांतून बाहेर पडले. ती म्हातारी अरबीत गाणी म्हणायची, अरबी सिनेमे बघायची, आणि मत मात्र कायम कडव्या पक्षाला द्यायची. म्हणायची, 'मी त्यांच्यात राहिलेय, मला त्यांची ओळख करून देऊ नका.'

माझं म्हणणं एवढंच आहे की इथे दोन प्रकारची घरं गेली, आणि एकाचंही दुःख दुसऱ्यानं कधी मोठ्यानं कबूल केलं नाही. अरब माणसाला सांगितलं जातं, तुमचे पुढारी म्हणाले म्हणून तुम्ही पळालात. बगदादच्या ज्यूला सांगितलं जातं, तुम्ही आपल्या खुशीनं गेलात. ज्याचं घर गेलं त्याला हे ऐकून काय वाटत असेल? मुलांच्या कानावर घरात तेच पडत राहतं.

लोदचंच अजून एक. 1948 मध्ये जी माणसं इथून हाकलली गेली त्यांत बैरूतला डॉक्टरकी शिकणारा एक तरुण होता, जॉर्ज हबश. ख्रिस्ती कुटुंबातला. त्यानं पुढे पॉप्युलर फ्रंट ही पॅलेस्टिनी सशस्त्र संघटना काढली. मे 1972 मध्ये त्या संघटनेसाठी तीन जपानी माणसांनी इथल्याच लोद विमानतळावर गोळीबार केला. 26 माणसं मेली, त्यांत बरेचसे पोर्तो रिकोहून आलेले ख्रिस्ती यात्रेकरू. त्यांचा या भांडणाशी काय संबंध होता? हबशच्या घराचं झालं ते अन्याय होतं. त्यानं जे केलं ते खून होते. मला ही दोन्ही वाक्यं एकापाठोपाठ बोलायला कधी जड गेलं नाही, पण इथे एक म्हटलं की लोक दुसरं ऐकायला थांबत नाहीत.

उल्हासनगर_पाच_नंबर

ताई, फार मनापासून लिहिलंत. मी सिंधी, तीन पिढ्या उल्हासनगरात. आमच्या आजोबांचं शिकारपूरचं घर गेलं. पण कल्याणच्या लष्करी छावणीत टाकलेल्या निर्वासितांचं पुढे शहर झालं, महानगरपालिका झाली. आजोबांना भारताचं नागरिकत्व होतं, भरपाईत का होईना काही मिळालं, दुकान टाकता आलं. शिकारपूरच्या आठवणीनं ते रडायचे, पण परत जाऊन ते घर मिळवायचं असं आमच्या घरात कुणी म्हटलं नाही.

पॅलेस्टिनींचं, म्हणजे तिथून बाहेर पडलेल्या अरबांचं, तसं झालं नाही. जॉर्डननं नागरिकत्व दिलं, पण लेबनॉननं सरसकट कधीच दिलं नाही. तिथे चौथी पिढी छावणीत आहे, कितीतरी व्यवसाय त्यांना बंद आहेत. गाझा ही समुद्राकाठची पट्टी 1967 पर्यंत इजिप्तकडे होती, त्यांनीही तिथल्या माणसांना आपलं म्हटलं नाही. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था 1950 पासून काम करतेय आणि आज तिच्याकडे नोंद असलेल्यांची संख्या 59 लाखांच्या घरात आहे. माणसाला नवं घर द्यायचं नाही आणि जुन्याकडे जाऊ द्यायचं नाही, मग तो विसरणार कसा?

खाडीतला

यात अरब राज्यकर्त्यांचा वाटाही मोठा आहे. मी कुवेतला नोकरी केली. 1990 च्या आधी तिथे शाळामास्तर, इंजिनिअर, बँकेतले हिशेबनीस, अर्धेअधिक पॅलेस्टिनी. इराकच्या सद्दामनं कुवेत घेतलं, अराफातनी त्याची बाजू घेतली आणि युद्ध संपल्यावर लाखोंना कुवेत सोडावं लागलं. पॅलेस्टाइनच्या नावानं भाषणं करणारे देश प्रत्यक्ष पॅलेस्टिनी माणसाशी कसे वागले हे तेव्हा दिसलं. घरच्या लोकांनी निवडणुका मागितल्या, भाकरी मागितली, की बोट इस्रायलकडे दाखवायचं. ते वर्षानुवर्षं चालत आलंय.

माणदेशी

ताई, तुमचं लिहिलेलं वहिनीला वाचून दाखवलं. बाकीच्यांचेही आभार. दोन गोष्टी अजून. इजिप्त-जॉर्डनच्या तहाचं राहिलं. आणि त्या रिकाम्या जागांचं. खरं सांगा, माझा पुतण्या कुणाच्या पोटावर पाय देऊन चाललाय का?

कोकणातून_लोदला

दादा, विचारलंत ते बरं केलंत. इथे येणारी पोरं हा प्रश्न विचारत नाहीत.

आधी तहाचं. 1967 च्या जूनमध्ये सहा दिवसांत इस्रायलनं इजिप्तचं सिनाई, सीरियाचं गोलान, जॉर्डनच्या ताब्यातला वेस्ट बँक (जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा भाग) आणि पूर्व जेरुसलेम, आणि गाझा, एवढं सगळं घेतलं. सुदानमधल्या खार्टूमला अरब राष्ट्रांनी ठराव केला, तह नाही, मान्यता नाही, वाटाघाटी नाहीत. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचा 242 क्रमांकाचा ठराव झाला, जमीन सोडा आणि शांतता घ्या. इजिप्तपुरता तो अमलात आला. 1973 चं युद्ध झालं, मग इजिप्तचे अध्यक्ष सादात स्वतः जेरुसलेमला आले, 1979 मध्ये तह झाला आणि 1982 पर्यंत सिनाई परत गेलं. तो तह आजही टिकून आहे. जमीन परत दिली तिथे युद्ध थांबलं, हे डोळ्यांसमोर आहे. जॉर्डनशी 1994 मध्ये झाला, त्यात पाण्याची वाटणीसुद्धा लिहिलेली आहे. पाण्याला इथे सोन्याचं मोल. 1964 मध्ये इस्रायलनं गालीलच्या सरोवरातून दक्षिणेला कालवा आणि नळ नेले, अरब देशांनी वरचे झरे वळवायचं काम काढलं, आणि 1967 च्या आधी सीमेवर त्यावरून तोफा चालल्या. दुष्काळी भागातल्या माणसाला हे पटकन कळेल.

पण हे तह राज्यकर्त्यांचे. वेस्ट बँकचं घोंगडं भिजतच पडलं, आणि कैरोतला, अम्मानमधला माणूस रोज टीव्हीवर तेच पाहतो. जॉर्डनमध्ये तर कितीतरी लोक मुळात पॅलेस्टिनी. शिवाय ज्यांनी हात पुढे केला त्यांना त्यांच्याच माणसांनी मारलं. जॉर्डनचे राजे अब्दुल्ला 1951 मध्ये अल-अक्साच्या दारात गेले, सादात 1981 मध्ये, रबिन 1995 मध्ये. रबिन यांना मारणारा ज्यू होता, आपल्याच देशातला. त्या रात्री माझी ड्यूटी होती. वॉर्डात रेडिओ लागला होता आणि ज्यू-अरब सगळे कर्मचारी एका खोलीत उभे होते. त्यानंतर पुन्हा तशी आशा मी पाहिली नाही.

आणि हा फक्त जुना हिशेब नाही, तो रोज वाढतोय. वेस्ट बँकमध्ये, पूर्व जेरुसलेम सोडून, आज पाच लाखांच्या आसपास ज्यू वसाहतवाले राहतात. एखाद्या टेकडीवर चार गाड्या येऊन थांबतात, मग रस्ता, मग वीज, मग खालच्या गावाला ऑलिव्ह काढायला जायचं तर सैन्याची परवानगी. माझ्या देशानं हे करायला नको होतं, असं मी इथे उघड म्हणते आणि शिव्या खाते. दुसऱ्या बाजूनं, मार्च 2002 मध्ये बैरूतला अरब राष्ट्रांनी शांततेचा प्रस्ताव मांडला, आणि अगदी त्याच वेळी इथल्या नेतान्या शहरात सणाच्या जेवणाला बसलेल्या 30 माणसांचा हमास या पॅलेस्टिनी संघटनेच्या बॉम्बनं जीव घेतला. तो प्रस्ताव आमच्या लोकांनी नीट वाचलासुद्धा नाही. त्या वर्षांत मी बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाच्या जाकिटाकडे बघायचे. गाझातून 2005 मध्ये इस्रायल बाहेर पडलं, तरी आपल्याकडच्या हद्दी, समुद्र, आकाश आपल्याच हातात ठेवलं. आतमध्ये हमास आला, रॉकेटं येत राहिली.

7 ऑक्टोबर 2023 ला हमासनं बाराशेच्या आसपास माणसं मारली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यानंतर गाझात जे झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहताच आहात. तिथल्या आरोग्य खात्याच्या नोंदींत मृतांचा आकडा साठ हजारांच्या पुढे गेला. मी तान्ह्या मुलांच्या विभागात काम केलेलं आहे. त्या आकड्यात किती मुलं आहेत याचा विचार मला झोपू देत नाही, आणि ओलिसांच्या आयांना पाहूनही मी तशीच रडलेय.

आता रिकाम्या जागांचं. 7 ऑक्टोबरच्या आधी वेस्ट बँकमधून दीड लाखाच्या आसपास माणसं परवान्यावर इस्रायलमध्ये कामाला यायची, गाझातूनही हजारो. त्यातले बरेच बांधकामावर, आणि फरशी, गिलावा ही त्यांची खास कामं. आमच्या स्वयंपाकघराची फरशी हेब्रोनकडच्या एका माणसानं बसवलेली आहे. पहाटे तीन-साडेतीनला तो नाक्यावर रांगेत उभा राहायचा, म्हणजे सातला कामावर पोचेल. चहात साखर चार चमचे. शेवटच्या दिवशी त्यानं कोपऱ्यातल्या दोन टाइल्स स्वतःहून काढून पुन्हा बसवल्या, मला त्यात काही दिसलं नव्हतं. युद्ध लागलं आणि परवाने बंद झाले. ती माणसं निघून गेली नाहीत दादा, त्यांना येऊ दिलं नाही. आज त्यांच्या घरात पगार नाही, आणि रागाला त्याचीही भर आहे.

तुमच्या पुतण्यानं कुणाचा परवाना रद्द केला नाही. कर्ज काढलेल्या घरातला पोरगा काम शोधतो, त्यात पाप नाही. पण त्याची जागा कुणाची होती हे त्याला ठाऊक असू द्या. साइटवर त्याला मुकादम बहुधा इथलाच अरब नागरिक भेटेल. त्याच्याशी नीट वागला, हिब्रूबरोबर चार शब्द अरबी शिकला, तर काम सोपं जाईल आणि माणूसही कळेल. मोबाइलवर आलेले कुठल्याही बाजूचे व्हिडिओ पुढे ढकलायचे नाहीत, हे त्याला बजावून सांगा.

आणि एक नक्की करा. मे 2021 मध्ये लोद पेटलं होतं. सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली, गाड्या जाळल्या, एक अरब गोळीनं मेला, एक ज्यू डोक्यात वीट बसून मेला. त्याच आठवड्यात गाझाहून रॉकेटं येत होती. भोंगा वाजला की आमच्या इमारतीतले ज्यू आणि अरब एकाच तळघरात बसायचे, एकमेकांची मुलं मांडीवर घेऊन. पण शेजारच्या दहमश वस्तीत एक अरब बाप आणि त्याची सोळा वर्षांची मुलगी रॉकेटनं गेली. त्या वस्तीला सरकारची मान्यता नाही, म्हणून तिथे आसरा घ्यायला पक्कं तळघरच नव्हतं.

म्हणून करारात लिहून घ्या की राहायला दिलेल्या जागेत सुरक्षित खोली किंवा तळघर आहे, आणि ते भोंगा वाजल्यावर पोचता येईल इतकं जवळ आहे. कंटेनरमध्ये ठेवत असतील तर आधी विचारा. गावाचं नाव कळलं की इथेच लिहा, तिथे आपल्यापैकी कोण राहतं ते मी बघते.